विद्यार्थी तासाला हजर, अहवालात गैरहजर : ऑनलाइन हजेरी कुठे हरवते आणि ती कशी शोधावी

प्रत्येक सत्राच्या अखेरीस, परीक्षेचे अर्ज भरण्याच्या सुमारास, मुंबईतील महाविद्यालयांच्या कार्यालयांत एकच तक्रार पुन्हा पुन्हा येते. डिफॉल्टर यादी, म्हणजे हजेरी कमी भरलेल्यांची यादी, फलकावर लागते, आणि ज्या विद्यार्थ्याने घरी बसून जवळजवळ सर्व ऑनलाइन तास केले, त्याचे नाव त्या यादीत निघते. मुंबई विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांत ७५ टक्के उपस्थितीची अट असल्यामुळे ही केवळ आकड्यातली चूक राहत नाही. त्या विद्यार्थ्याचे हॉल तिकीट अडते, पालकांना हमीपत्र लिहून द्यावे लागते, आणि शिक्षक व विद्यार्थी यांच्यात नाहक अविश्वास निर्माण होतो. अशा वेळी विद्यार्थी खोटे बोलत आहे किंवा सॉफ्टवेअर बिघडले आहे, असा निष्कर्ष घाईने काढला जातो. प्रत्यक्षात बहुतेक वेळा नोंद झालेली असते, पण ती योग्य विद्यार्थ्याच्या नावापुढे पोहोचलेली नसते. त्यामुळे ‘हा हजर होता का’ असे विचारण्याआधी ‘याची नोंद कोणत्या टप्प्यावर सुटली’ हे तपासावे, असे माझे ठाम मत आहे.

ही नोंद चार ठिकाणांहून प्रवास करते. विद्यार्थी मीटिंगमध्ये प्रवेश करतो, मीटिंग संपल्यावर अहवाल तयार होतो, त्या अहवालातील ओळ वर्गाच्या यादीतील नावाशी जुळवली जाते, आणि शेवटी झालेल्या तासांशी भागाकार होऊन टक्केवारी निघते. चारही ठिकाणी गळती होते. मात्र माझ्या पाहण्यात सर्वांत जास्त गळती तिसऱ्या ठिकाणी, म्हणजे जुळणीत होते.

सुरुवात एका विद्यार्थ्यापासून आणि एका तासापासून करावी

तक्रार आली की संपूर्ण सत्राची फाइल उघडून बसू नये. तक्रार करणाऱ्या विद्यार्थ्याला असा एकच तास निवडायला सांगावा, ज्याविषयी त्याच्याकडे स्वतःचा काही पुरावा आहे. त्या दिवशी त्याने चॅटमध्ये लिहिलेले उत्तर, त्याच तासात जमा केलेला स्वाध्याय किंवा शिक्षकांना नक्की आठवणारा एखादा प्रश्न पुरेसा असतो. मग त्या तासाचा मूळ अहवाल, म्हणजे मीट, झूम किंवा टीम्सने दिलेली आणि कोणीही हात न लावलेली फाइल उघडावी आणि त्या विद्यार्थ्याचे नाव, ई-मेल पत्ता व फोनचे नाव या तिन्हींनी शोध घ्यावा. मूळ अहवालात तो सापडला आणि एकत्रित तक्त्यात नसला, तर दोष जुळणीचा आहे. मूळ अहवालातही नसला, तर तो कोणत्या नावाने आत आला होता, हे पाहावे लागते. अहवालच मिळत नसला, तर प्रश्न मीटिंग कोणी आणि कशी घेतली याचा आहे. एवढ्या एका तपासणीने पुढचा बराच वेळ वाचतो, आणि विद्यार्थ्यालाही आपले ऐकून घेतले जात आहे याची खात्री पटते.

मूळ फाइल जपून ठेवणे ही सर्वांत मोठी काळजी आहे. झूमच्या सशुल्क खात्यात मागील १२ महिन्यांचेच अहवाल पाहता येतात, आणि एका वेळी एका महिन्याचाच कालावधी निवडता येतो. टीवायच्या (तिसऱ्या वर्षाच्या) विद्यार्थ्याची एसवायच्या (दुसऱ्या) वर्षातली तक्रार निघाली, तर तोपर्यंत तो अहवाल हाती लागत नाही. त्यासाठी दर शनिवारी आठवड्याचे अहवाल उतरवून एका फोल्डरमध्ये ठेवावेत आणि आकडेमोड नेहमी त्यांच्या प्रतीवर करावी.

अहवाल आलाच नाही

गुगल मीटचा उपस्थिती अहवाल सर्व आवृत्त्यांत मिळत नाही. शिक्षणसंस्थांना मोफत मिळणाऱ्या ‘फंडामेंटल्स’ आवृत्तीत ही सोय नाही; ती काही सशुल्क आवृत्त्यांतच आहे. ज्या महाविद्यालयांत मोफत आवृत्ती आहे, तिथे शिक्षक ब्राउझरला एखादे एक्स्टेन्शन जोडून हजेरी घेतात. ते एक्स्टेन्शन शिक्षकांच्या संगणकावर चालत असते, त्यामुळे शिक्षकांचा संगणक मध्येच बंद पडला किंवा ते फोनवरून तासात आले, तर त्या वेळेची नोंद होतच नाही. अशा तासाला पर्यायी नोंद म्हणून चॅट ठेवावा, आणि तो तास संपण्यापूर्वीच उतरवून घ्यावा.

सोय असूनही अहवाल मिळत नाही, याचे नेहमीचे कारण वेगळे असते. मीटचा अहवाल मीटिंगच्या आयोजकाला ई-मेलने जातो. वेळापत्रक करणाऱ्या समन्वयकांनी सर्व विषयांच्या लिंक आपल्या खात्यातून तयार केल्या असतील, तर अहवालही त्यांच्याकडेच जातात, आणि अर्थशास्त्राचे शिक्षक मात्र आपल्या इनबॉक्समध्ये ते शोधत राहतात. दुसरे असे, की अहवाल मीटिंग संपल्यावर तयार होतो. दिवसभर एकच लिंक वापरली आणि आठ-दहा विद्यार्थी दोन तासांच्या मधल्या वेळेत आतच थांबले, तर मीटिंग संपतच नाही, आणि साडेआठचा व सव्वानऊचा तास एकाच अहवालात मिसळतात. तास संपताना शिक्षकांनी स्वतः बाहेर पडण्याऐवजी सर्वांसाठी मीटिंग समाप्त करावी, आणि शक्यतो प्रत्येक विषयाची लिंक स्वतंत्र असावी.

टीम्सचा अहवाल मिळतो, पण त्याची फाइल काही वेळा स्वल्पविरामांऐवजी टॅबने विभागलेली आणि यूटीएफ-१६ या सांकेतिकरणात असते. स्वल्पविरामाची अपेक्षा करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ती टाकली की संपूर्ण ओळ एकाच रकान्यात येते. फाइल खराब नसते. आयात करताना विभाजक टॅब निवडला की रकाने जागेवर बसतात.

नाव आहे, पण ते कोणाचे

मुंबईतल्या अनेक घरांत दोन-तीन भावंडांमध्ये एक फोन असतो, हे हजेरीची पद्धत ठरवताना लक्षात घेतले जात नाही. अहवालात ‘आई मोबाइल’, फोनच्या मॉडेलचे नाव, धाकट्या बहिणीच्या शाळेचा ई-मेल किंवा नुसते एक इंग्रजी अक्षर अशा नोंदी दिसतात. ही मुले तासाला बसलेली असतात. त्यांना सरसकट गैरहजर धरणे हे माझ्या मते अन्यायाचे आहे, विशेषतः जेव्हा नाव बदलण्याची सूचना पहिल्याच तासाला कोणी दिलेली नसते.

झूममध्ये विद्यार्थ्याने तासादरम्यान नाव बदलले, तर अहवालात नव्या नावासोबत मूळ नाव कंसात येते. कंसातला मजकूर न काढता यादीशी जुळणी केली, तर ते नाव सापडत नाही. जो विद्यार्थी झूम खात्यात प्रवेश न करता आत आला, त्याचा ई-मेल रकाना रिकामा राहतो. सशुल्क खात्यात मीटिंगसाठी नोंदणी सक्तीची करता येते आणि नोंदणीच्या फॉर्ममध्ये स्वतःचा प्रश्न जोडता येतो. तिथे पीआरएन (विद्यापीठाने दिलेला कायम नोंदणी क्रमांक) किंवा रोल नंबर विचारला, तर नावाच्या गोंधळातून कायमची सुटका होते. मीटमध्ये याच्या तोडीचा उपाय म्हणजे महाविद्यालयाने दिलेल्या ई-मेल खात्यानेच प्रवेश देणे. पण भावंडाच्या फोनवर दुसरे खाते कसे जोडायचे आणि मीट उघडताना ते कसे निवडायचे, हे कोणीतरी एकदा मराठीत नीट समजावून सांगावे लागते. केवळ परिपत्रक काढल्याने हे काम होत नाही.

नावे देवनागरीत असतील, तर आणखी एक अदृश्य अडचण येते. ‘कुऱ्हाडे’ किंवा ‘गोऱ्हे’ या आडनावांतील अर्धा र दोन प्रकारे टंकित होतो. एका प्रकारात ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर वापरले जाते, तर दुसऱ्यात साधा ‘र’, हलन्त आणि एक न दिसणारे जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही नावे तंतोतंत सारखी दिसतात, पण संगणकाच्या दृष्टीने ती वेगळी असतात, आणि व्हीलुकअप हे एक्सेलचे शोधून जुळवणारे सूत्र ‘सापडले नाही’ असे उत्तर देते. नावाच्या शेवटी चुकून राहिलेली मोकळी जागाही हाच परिणाम करते. ती ट्रिम सूत्राने निघते, जोडचिन्ह मात्र त्याने निघत नाही. म्हणून नाव हे वाचण्यासाठी ठेवावे. जुळणीसाठी ते कधीही वापरू नये.

पीआरएनचा सोळावा अंक

मग जुळणी पीआरएनवर करावी, असे कोणीही म्हणेल, आणि ते योग्यच आहे. पण या ठिकाणी एक असा दोष दडलेला आहे, ज्याने अनेक याद्या आजवर चुकल्या असतील आणि पुढेही चुकत राहतील. त्यामुळे तो सविस्तर सांगणे आवश्यक आहे.

मुंबई विद्यापीठाचा पीआरएन १६ अंकी असतो. एक्सेल कोणत्याही संख्येचे फक्त पहिले १५ अंक जपते आणि त्यापुढच्या अंकाच्या जागी शून्य ठेवते. त्यामुळे पीआरएन संख्या म्हणून रकान्यात आला की त्याचा शेवटचा अंक त्याच क्षणी नष्ट होतो. ज्यांच्या पीआरएनचे शेवटचे चार अंक ३४५१, ३४५२ पासून ३४५९ पर्यंत आहेत आणि त्याआधीचे सर्व अंक सारखे आहेत, असे नऊही विद्यार्थी एक्सेलला ३४५० दिसू लागतात. रकान्याचे स्वरूप ‘जनरल’ असेल तर संख्या दशांश आणि ‘ई+१५’ अशा रूपात दिसते, आणि कर्मचारी स्वरूप बदलून ती ‘दुरुस्त’ करतात. तेव्हा सोळा अंक पुन्हा दिसू लागतात खरे, पण शेवटचा अंक शून्य असतो, आणि तो मूळचा शून्य आहे की हरवलेल्या अंकाची जागा आहे, हे त्यावरून ओळखता येत नाही.

हा दोष झाला आहे का, हे ओळखण्याची खूण सोपी आहे. पीआरएनच्या रकान्यातील सर्व क्रमांकांचे शेवटचे अंक पाहावेत. सगळे शून्य असतील, तर फाइल बिघडलेली आहे. वर्गाची यादी बरोबर आणि केवळ अहवाल बिघडलेला असेल, तर फार तर ज्यांचा पीआरएन खरोखरच शून्याने संपतो तेवढेच विद्यार्थी जुळतात आणि जवळजवळ सगळा वर्ग गैरहजर दिसतो. ही चूक निदान लगेच लक्षात येते. यादी आणि अहवाल दोन्ही बिघडले असतील, तर परिणाम अधिक वाईट होतो, कारण व्हीलुकअप पहिली सापडलेली ओळ उचलते आणि त्या नऊ-दहा जणांच्या गटातील पहिल्या विद्यार्थ्याची हजेरी सर्वांच्या नावावर लागते. तक्ता भरलेला दिसतो, कुठेही त्रुटीचा संदेश येत नाही, आणि एक नियमित मुलगी दुसऱ्याच्या गैरहजेरीमुळे यादीत जाते.

यावर उपाय असा. सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी रकाने विभागलेली साधी मजकूर फाइल) दोनदा क्लिक करून कधीही उघडू नये, कारण उघडतानाच एक्सेल तो रकाना संख्या समजते. रिकामी फाइल उघडून ‘डेटा’ मेनूतून ‘टेक्स्ट/सीएसव्ही’ आयात करावी, ‘ट्रान्सफॉर्म डेटा’मध्ये पीआरएनच्या रकान्याचा प्रकार ‘टेक्स्ट’ निवडावा आणि मगच पुढे जावे. आयातीच्या पहिल्याच खिडकीत फाइलचे मूळ सांकेतिकरण ६५००१ यूटीएफ-८ निवडल्यास देवनागरी नावांच्या जागी येणारी विचित्र चिन्हेही नाहीशी होतात. एक्सेलच्या अलीकडच्या आवृत्त्यांत ‘ऑप्शन्स’मधील ‘डेटा’ भागात लांब संख्यांचे आपोआप रूपांतर बंद करण्याची सोय आहे. कार्यालयातील संगणकांवर ती एकदा बंद करून ठेवावी. आधीच शेवटचा अंक गमावलेली फाइल मात्र कोणत्याही सूत्राने पूर्ववत होत नाही. त्यासाठी मूळ अहवाल पुन्हा उतरवावा लागतो, आणि म्हणूनच वर मूळ फाइल जपण्याचा आग्रह धरला आहे.

टेक्स्ट केल्यानंतरही एक सूत्र फसवते. दुबार नोंदी शोधण्यासाठी काउंटइफ हे मोजणीचे सूत्र वापरले, तर ते टेक्स्टमधील अंकांनाही संख्या समजून तुलना करते आणि पहिले १५ अंक सारखे असलेले वेगवेगळे पीआरएन दुबार ठरवते. त्यावर विश्वास ठेवून कोणी ‘दुबार’ ओळी काढून टाकल्या, तर खऱ्या विद्यार्थ्यांच्या नोंदी पुसल्या जातात. काउंटइफमध्ये शोधायच्या मूल्याला शेवटी तारांकन जोडले की तुलना अक्षरांप्रमाणे होते आणि उत्तर बरोबर येते. ज्या विभागात रोल नंबरवर काम चालते, तिथे हीच अडचण लहान रूपात दिसते. ००७ हा रोल नंबर नुसता ७ होतो, आणि त्याचाही उपाय रकाना आधीच टेक्स्ट करणे हाच आहे.

तुटत-जोडत केलेला तास

समजा तास ८:३० ते ९:१८, म्हणजे ४८ मिनिटांचा आहे. विद्यार्थिनी दिवा या उपनगरात राहते आणि घरात इतरांची ये-जा असल्याने जिन्यात बसून तास करते. तिच्या नावाच्या तीन ओळी आहेत : ८:३१ ते ८:४४, ८:४६ ते ८:५९, आणि ९:०२ ते ९:१८. तिची एकूण उपस्थिती १३, १३ आणि १६ मिळून ४२ मिनिटे भरते. एकत्रित तक्ता करणाऱ्याने दुबार नावे काढून टाकताना फक्त शेवटची ओळ ठेवली, तर तिच्या वाट्याला १६ मिनिटे येतात आणि ती गैरहजर ठरते. नेटवर्क जितके वाईट, तितक्या ओळी जास्त आणि तितकी हजेरी कमी, असा हा उलटा हिशोब आहे. ज्या विद्यार्थिनीने पुन्हा पुन्हा जोडणी करून तास पूर्ण केला, तिलाच त्याची झळ बसते.

म्हणून दुबार ओळी काढण्यापूर्वी पीआरएनप्रमाणे मिनिटांची बेरीज करावी. झूममध्ये एकाच व्यक्तीच्या ओळी एकत्र दाखवण्याचा पर्याय आहे, पण नाव बदलून परत आलेला विद्यार्थी त्याला वेगळा वाटू शकतो, त्यामुळे त्यावरही एक नजर टाकावी. बेरजेत उलट चूकही होते : फोन आणि लॅपटॉप दोन्हींवरून एकाच वेळी आत असलेल्याची ३० आणि ३० मिळून ६० मिनिटे होतात, तास मात्र ४८ मिनिटांचाच असतो. बेरीज तासाच्या लांबीपेक्षा जास्त आली की त्या ओळी हाताने तपासाव्यात आणि एकमेकांवर आलेला वेळ एकदाच धरावा.

किती मिनिटांना ‘हजर’ म्हणायचे, हे सत्राच्या सुरुवातीलाच लेखी जाहीर असले पाहिजे. ते प्रत्येक शिक्षकाने आपापले ठरवले, तर एकाच दिवशी त्याच फोनवरून चार तास केलेला विद्यार्थी दोन विषयांत हजर आणि दोन विषयांत गैरहजर ठरतो. कॅमेरा सुरू ठेवण्याची सक्ती हा मला यावरचा उपाय वाटत नाही. दहा बाय दहाच्या खोलीत घरातल्यांसमोर बसलेल्या मुलीला कॅमेरा लावायला सांगणे तिच्या खासगीपणावर येते, आणि त्याने डेटाही लवकर संपतो. त्यापेक्षा तासाच्या मध्यावर विषयाला धरून एक छोटा प्रश्न विचारावा आणि त्याचे उत्तर रोल नंबरसह चॅटमध्ये मागवावे. त्याने लक्ष आहे की नाही तेही कळते आणि अहवालाला दुसरी नोंद मिळते.

तारीख सरकते तेव्हा

गुगल फॉर्मने हजेरी घेणाऱ्यांकडे हा प्रकार वारंवार दिसतो. सोमवारी सकाळी साडेआठला भरलेला फॉर्म उत्तरांच्या शीटमध्ये रविवारी रात्री आठला भरलेला दिसतो, आणि तारखेप्रमाणे हजेरी मोजताना तो दिवस रिकामा जातो. शीटची वेळ अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याची निवडलेली असली, तर असे होते. ती वेळ उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेबारा तास आणि हिवाळ्यात साडेतेरा तास मागे असते. शीटच्या ‘फाइल’ मेनूतील ‘सेटिंग्ज’मध्ये टाइम झोन कोलकाता आणि लोकॅल भारत निवडावे. झूमचा अहवालही खात्यात निवडलेल्या टाइम झोनप्रमाणे वेळ देतो, म्हणून प्रत्येक शिक्षकाच्या खात्यातली ती नोंद एकदा पाहून घ्यावी.

दिवस आणि महिना यांची अदलाबदल ही याचीच सख्खी बहीण. ७ ऑगस्टची नोंद ८ जुलैची होते. महिन्याच्या १ ते १२ तारखांची हजेरी भलत्या महिन्यात जाऊन बसते, आणि १३ पासून पुढच्या तारखा मात्र रकान्यात डावीकडे चिकटलेल्या, म्हणजे तारीख न होता नुसता मजकूर राहिलेल्या दिसतात. असे चित्र दिसले की दुसरे कारण शोधत बसू नये. आयात करताना तारखेचा क्रम ‘दिवस-महिना-वर्ष’ असा द्यावा.

मूडलने ‘या पत्त्यावरून हजेरी झाली आहे’ म्हटले तर

मूडल या ऑनलाइन शिक्षणप्रणालीच्या अटेंडन्स प्लगइनमध्ये विद्यार्थी स्वतः हजेरी नोंदवू शकतो, आणि प्रॉक्सी (एकाची हजेरी दुसऱ्याने लावणे) रोखण्यासाठी एकाच आयपी पत्त्यावरून, म्हणजे इंटरनेट जोडणीच्या पत्त्यावरून, दुसरी नोंद न स्वीकारण्याची सेटिंग असते. ती महाविद्यालयाच्या संगणक प्रयोगशाळेत उपयोगी पडते. घरून तास करणाऱ्यांसाठी ती बंद ठेवावी. मोबाइल कंपन्या ‘कॅरियर ग्रेड नॅट’ या पद्धतीने असंख्य ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे ठेवतात, त्यामुळे विरारचा विद्यार्थी आणि चेंबूरचा विद्यार्थी मूडलला एकाच पत्त्यावरून आलेले दिसू शकतात, आणि दुसऱ्याची नोंद नाकारली जाते. एकाच घरच्या वायफायवरून शिकणाऱ्या जुळ्या भावंडांचेही तसेच होते. प्रॉक्सीची शंका असेल, तर बदलत राहणारा क्यूआर कोड किंवा तासातच सांगितलेला पासवर्ड वापरावा, आणि त्याची मुदत फार आखडू नये. पडद्यावरचा कोड त्याच फोनने स्कॅन करता येत नाही, हेही ध्यानात असावे. ज्याच्याकडे एकच फोन आहे, त्याला पासवर्डच द्यावा लागतो.

भागाकाराची खालची संख्या

वरची संख्या बरोबर असूनही टक्केवारी चुकते. झूमच्या मोफत खात्यात मीटिंग ४० मिनिटांनी तुटते, आणि ४८ मिनिटांचा तास पूर्ण करण्यासाठी सर्वजण पुन्हा त्याच लिंकवर येतात. त्याचे दोन भाग होतात, आणि शिक्षकाने प्रत्येक भागाची स्वतंत्र नोंद ठेवली, तर एक तास दोनदा मोजला जातो. एखाद्या विषयाचे ६० तास झाले आणि विद्यार्थी ४५ तासांना होता, तर त्याचे बरोबर ७५ टक्के होतात. त्यातील चार तासांचे दुसरे भाग वेगळे तास म्हणून धरले आणि त्या आठ मिनिटांत तो परत जोडला गेला नाही, तर ४५ ला ६४ ने भागले जाते आणि ७०.३ टक्के येतात. विद्यार्थ्याचा आणखी एकही तास बुडालेला नसताना तो अटीखाली जातो.

रद्द झालेला तास वेळापत्रकात तसाच राहणे, उशिरा प्रवेश घेतलेल्याला प्रवेशापूर्वीचे तास लावणे, आणि ऐच्छिक विषयाच्या दोन्ही गटांचे तास सर्वांना लावणे, ही बाकीची कारणे एका नजरेत सापडतात. त्यासाठी प्रत्येक विद्यार्थ्याच्या नावापुढे केवळ टक्के न छापता ‘किती पैकी किती’ छापावे. खालची संख्या सर्वांना दिसू लागली की निम्म्या चुका विद्यार्थीच दाखवून देतात.

ज्या दिवशी शहरच थांबते, त्या दिवसाचा प्रश्न वेगळा आहे. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी मुंबई आणि परिसराचा वीजपुरवठा खंडित झाला, तेव्हा ऑनलाइन तासच नव्हे तर मुंबई विद्यापीठाच्या त्या दिवशीच्या ऑनलाइन परीक्षाही पुढे ढकलाव्या लागल्या. इतका मोठा प्रसंग सर्वांच्या लक्षात राहतो. पण कुर्ला-सायन भागात पाणी साचून एखाद्या वस्तीची वीज दिवसभर बंद राहिली, तर ते फक्त तिथल्या मुलांना माहीत असते, आणि हजेरीच्या तक्त्यात त्याला जागा नसते. त्यासाठी हजर आणि गैरहजर यांच्या जोडीला ‘जोडणी शक्य नव्हती’ अशी तिसरी खूण ठेवावी. ती लावण्याचा अधिकार वर्गशिक्षकाला द्यावा आणि असा तास त्या विद्यार्थ्यापुरता खालच्या संख्येतून वगळायचा की नाही, हे उपस्थिती समितीने एकदाच ठरवून लेखी ठेवावे.

तक्रार कशी घ्यावी

डिफॉल्टर यादी थेट फलकावर लावू नये. दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात मागील महिन्याची तात्पुरती हजेरी प्रत्येकाला स्वतंत्रपणे दाखवावी आणि हरकतीसाठी किमान आठ दिवस द्यावेत, म्हणजे मूळ अहवाल हाताशी असतानाच चूक निघते. तात्पुरती यादी वर्गाच्या व्हॉट्सअॅप गटावर सर्वांच्या नावांसह टाकण्याची पद्धत बंद करावी. त्यात पीआरएन असतात, आणि काही गटांत तर तासाचे चेहऱ्यांसह स्क्रीनशॉटही फिरतात.

विद्यार्थ्यांनी हरकत घेताना ‘मी सगळ्या तासांना होतो’ असे लिहू नये, कारण त्यावरून काहीच शोधता येत नाही. पुढील मजकूर जसाच्या तसा वापरता येईल : ‘महोदय, दिनांक अमुक रोजी अमुक वाजताच्या अमुक विषयाच्या ऑनलाइन तासाला मी उपस्थित असून तात्पुरत्या यादीत माझी गैरहजेरी दाखवली आहे. त्या तासाला मी अमुक नावाने व अमुक ई-मेल खात्यावरून, मोबाइल किंवा संगणकावरून प्रवेश केला होता. जोडणी सुमारे इतक्या वेळा तुटली होती. माझा रोल नंबर व संपूर्ण १६ अंकी पीआरएन सोबत देत आहे. कृपया मूळ अहवाल तपासून नोंद दुरुस्त करावी.’ पीआरएन अंकांत लिहिल्यावर शेवटचा अंक अक्षरांतही लिहावा.

कार्यालयाने अशा प्रत्येक अर्जावर मूळ अहवालातील ओळ क्रमांक आणि सापडलेले कारण लिहून ठेवावे. एकाच कारणाचे तीन-चार अर्ज दिसले, की उरलेल्यांनी अर्ज करण्याची वाट न पाहता संपूर्ण वर्गाची त्या महिन्याची जुळणी नव्याने करावी, कारण शेवटचा अंक एकाचा गेला असेल तर तो त्याच फाइलमधील सर्वांचाच गेलेला असतो.